रांजणातल्या गोगलगाई

सा-इंगची जीभ विहारात गेली की तिच्या ताब्यात राहत नसे. एरवी बाई मोठी मोजून-मापून बोलणारी. ताचिन नदीच्या कालव्यावर, धक्क्याजवळच्या बाजारात ती रोज सकाळी नारळाच्या दुधातले आप्पे विकायची. गिऱ्हाइकानं कितीही घासाघीस केली तरी तिच्या तोंडून एक शब्द जादा निघायचा नाही. पण बुद्धमूर्तीपुढे गुडघे टेकले, उदबत्तीचा धूर नाकात शिरला, की तिला भरून यायचं आणि मग ती वाटेल ते कबूल करून बसायची.

या खेपेला तिनं कबूल केलं ते फायसाठी. फाय तिची एकुलती लेक, रायोंगला नवऱ्याकडे असायची. दोनदा तिला दिवस गेले नि दोनदा सगळं वाहून गेलं. तिसऱ्यांदा राहिलं तेव्हा ती फोनवर बोलली तीसुद्धा कुजबुजत, जणू मोठ्यानं बोललं तर पोटातलं बिचकेल. सा-इंगनं चूल विझवली, तव्यातले अर्धे कच्चे आप्पे तसेच टाकले आणि तडक विहार गाठला.

"या लेकराला टिकू दे," ती मूर्तीला म्हणाली. इथवर ठीक होतं. पण डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, नि जीभ पुढं धावली. "मोठ्या कथेच्या दिवशी, लेकरांच्या अध्यायाला, मी कमळ वाहीन. विकतचं नाही. माझ्या हातानं बीपासून वाढवलेलं."

मोठी कथा म्हणजे दानी राजपुत्राची, बुद्धांच्या आदल्या जन्माची. भिक्खूंचा पावसाळ्यातला वर्षावास संपला की विहारात एका दिवसात तिचे तेरा अध्याय गाऊन सांगतात. सा-इंगनं समज आल्यापासून एकही वर्ष चुकवलं नव्हतं. हत्ती दिला, राज्य दिलं, आणि शेवटी राजपुत्रापाशी एक म्हातारा भिक्षेकरी त्याची दोन लेकरंच मागायला येतो. लेकरं भिऊन पळतात, कमळाच्या तळ्यात शिरतात, पानं डोक्यावर ओढून घेतात. ते ऐकताना दर वर्षी सा-इंगचा पदर भिजायचा. म्हणूनच तर तिच्या तोंडी नेमकं कमळ आलं.

शेजारच्या लामदुआननं हे ऐकून कपाळाला हात लावला. लामदुआन वयानं मोठी, म्हणून सा-इंग तिला फी, म्हणजे ताई, म्हणायची. तिचे कालव्यात पाणपालकाच्या भाजीचे तरंगते तराफे होते आणि तिच्या जिभेला विहारात काय, कुठंच लगाम नव्हता.

"अगं, अंडी बोलायचीस! शहाणी माणसं शंभर उकडलेली अंडी बोलतात. उकडली, वाहिली, घरी आणून खाल्ली. तुला कमळच सुचलं? आणि वर बीपासून?"

"आलं तोंडातून, फी."

"मग फेड आता. कमनानच्या काकाचं माहीत आहे ना? डुकराचं अख्खं मुंडकं बोलला नि अर्धंच वाहिलं. पुढच्याच आठवड्यात होडीतून पडला."

"तो दारू पिऊन पडला."

"पडला तर खरा!"

सा-इंग हसली, पण लगेच गंभीर झाली. जे बोललं ते, जसं बोललं तसं, आणि त्याच दिवशी फेडायचं, हे कालव्यावरच्या पोरासोरांनाही ठाऊक असतं. त्यातून मागणं पोटातल्या जिवाचं होतं.

विहाराच्या तळ्यातली वाळलेली बोंडं तिनं लुआंगपोंकडून मागून आणली. लुआंगपो म्हणजे विहाराचे वृद्ध प्रमुख भिक्खू. सगळा कालवा त्यांना बापाच्या जागी मानायचा. बोंडातल्या बिया काळ्या, गुळगुळीत, खड्यांसारख्या. तिनं त्या पाण्यात टाकल्या नि रोज सकाळी वाकून बघू लागली. बिया ढिम्म.

"दगड भिजत घातलेस की काय?" लामदुआननं विचारलं. "बघ हं, मऊ झाले तर मलाही दे, रस्सा करू."

शेवटी लुआंगपोंनीच हसत सांगितलं, "सा-इंग, ते बी शंभर वर्षं झोपायची तयारी करून आलेलं असतं. त्याला हाक ऐकू जाईल एवढं भोक तरी पाड."

मग तिनं सुरीला धार लावायचा दगड घेतला. बीच्या टोकाची बाजू सोडून दुसऱ्या, खळगा असलेल्या बाजूनं ते घासायचं. काळं कवच झिजून आतला पांढुरका गर नुसता डोकावला की थांबायचं. काही बिया तिनं जास्त घासल्या, त्या सडून दुर्गंध सुटला. काही वर तरंगल्या, त्या पोकळ निघाल्या. पण ज्या तळाला बसल्या, त्या कोमट पाण्यात टम्म फुगल्या. ती रोज पाणी बदलत राहिली, आणि एका सकाळी तीन बियांतून हिरव्या आकड्या बाहेर आल्या. सा-इंग बाजारात त्या दिवशी प्रत्येक गिऱ्हाइकाला एक आप्पा जादा देत सुटली.

कालव्याच्या तळाचा काळा चिकट गाळ तिनं पसरट तोंडाच्या रांजणात भरला, त्यात रोपं खोचली, वर पाणी सोडलं. आधी नाण्याएवढी पानं पाण्यावर पडून राहिली. मग ती बशीएवढी झाली. पाऊस लागला तसं पहिलं पान देठावर उभं राहिलं, पाण्याच्या वर, छत्री उघडल्यासारखं. तीनपैकी दोन रोपं मध्येच गेली, एकच जगलं. पण ते असं माजलं की रांजणाबाहेर झुकू लागलं. इकडे फायचं पोटही दिसू लागलं होतं. सातवा लागल्यावर ती बाळंतपणाला आईकडे आली. आणि कथेला महिनाभर उरला असताना पानांच्या मधून एक सरळ देठ वर आला. त्याच्या टोकाला भुईमुगाच्या शेंगेएवढी कळी होती.

"मे, आली बघ!" फाय आईला ओरडून म्हणाली.

सा-इंगनं कळीला हात जोडले. लामदुआनही कुंपणावरून डोकावली, नि पहिल्यांदाच तिला टोमणा सुचला नाही.

त्याच आठवड्यात फायचा वाढदिवस होता. वाढदिवसाला कडू गोगलगाई पाण्यात सोडायच्या, म्हणजे आयुष्यातला कडूपणा त्यांच्यासोबत वाहून जातो, ही तिकडची रीत. कडू हे त्या लहान काळ्या गोगलगाईचं नावच. बाजारात पिशवीत भरून मिळतात. फायनं दुसऱ्या एका शेजारणीच्या हातून पिशवी मागवली होती. सा-इंगनं बाजाराला निघताना बजावलं, "धक्क्याच्या पायऱ्यांवर शेवाळ आहे. हे पोट घेऊन तिकडं फिरकायचं नाही. मी आले की मी सोडीन."

"हो गं, मे."

ती परतली तेव्हा फाय ओसरीवर पाय पसरून, तोंडभर हसत बसली होती.

"सोडल्या!"

"धक्क्यावर गेलीस?" सा-इंगच्या हातातली टोपली घसरली.

"छे! तू नको म्हणालीस ना. रांजणात सोडल्या. पाणी ते पाणीच की. बाळाचं नाव घेतलं, म्हटलं, मोकळ्या व्हा, सुखात राहा. तुझ्या नवसाच्या कमळाखाली आणखी काय सुख पाहिजे त्यांना?"

सा-इंगला उलट कौतुक वाटलं. कडू गोगलगाई शेवाळ खातात, पाणी निवळ ठेवतात, कुणाच्या अध्यात न मध्यात. तिनं रांजणात डोकावून "बसा हो बसा," असंही म्हटलं.

पण पिशवीवाल्यानं कडूंमध्ये भलत्याच गोगलगाई मिसळल्या होत्या. पुरत्या वाढेपर्यंत त्या चटकन वेगळ्या ओळखू येत नाहीत. आठवड्याभरात सा-इंगला पानांवर भोकं दिसली. पुढं रांजणाच्या कडेला गुलाबी दाण्यांचा घोस चिकटलेला दिसला. भातशेतीच्या मुलखात तो गुलाबी रंग दिसला की माणसं हातातलं काम टाकून धावतात. शेतं फस्त करणाऱ्या सोनेरी गोगलगाईची ती अंडी. सा-इंगनं घाईघाईनं पानं बाजूला केली. कळीचा देठ पाण्यालगत कुरतडला होता. कळी एका धाग्यावर लोंबत होती.

तिनं केळीच्या सोपटाचा दोरा काढला, बांबूची काडी लावली, मोडलेलं हाड बांधावं तशी कळी बांधली. फाय मागं उभी राहून रडत होती.

"मीच केलं हे. मे, मीच केलं."

"गप. पोटातलं ऐकतंय," सा-इंग म्हणाली. तिचा स्वतःचा जीव टांगणीला लागला होता, पण लेकीसमोर तो खाली कसा ठेवणार?

लामदुआन धावतच आली. गुलाबी अंडी बघून तिचा पारा चढला. "ठेच! एकेकीला ठेच, नाहीतर माझ्या बदकांना घाल. काय बघत बसलीस?"

"फी, या बाळाच्या नावानं सोडल्यात. ज्याच्या नावानं जीव सोडला त्याच्याच नावावर जीव घेऊ?"

"मग घाल खड्ड्यात!"

"कालव्यात सोडते."

"कालव्यात?" लामदुआनचा आवाज पलीकडच्या काठापर्यंत गेला. "आणि माझा पाणपालक? सा-इंग, एक जरी कालव्यात टाकलीस ना, तर तुझ्या दारात उभी राहून मी असा नवस बोलीन, असा बोलीन..."

मारता येईना, सोडता येईना, ठेवता येईना. अंडी अजून फुटलेली नव्हती, तो घोस तेवढा लामदुआननं सा-इंगला न विचारताच खरवडून नेला आणि सा-इंगनं तेवढ्यापुरती पाठ फिरवली. मग तिनं कपडे धुवायचं मोठं पातेलं काढलं, पाणी भरलं, आणि एकेक गोगलगाय हातानं वेचून त्यात ठेवली. प्रत्येकीला उचलताना ती पुटपुटत होती, "माफ कर गं बाई. घर बदलतेय फक्त. मोकळीच आहेस तू." वर झाकण म्हणून जाळी टाकली. खायला पपईच्या साली घातल्या. पाहुण्यांची बडदास्त सुरू झाली.

कळी दोन दिवस तग धरून होती. तिसऱ्या सकाळी ती काळी पडून पाण्यात पडली.

सा-इंगनं ती उचलली. उघडली असती तर गुलाबी झाली असती की पांढरी, तेही आता कळणार नव्हतं, कारण बीचं कमळ आईच्याच रंगाचं होईल असा भरवसा नसतो. तिला एकदम संताप आला, आपल्या जिभेचा, पिशवीवाल्याचा, सगळ्याचा. ती ताडताड पातेल्यापाशी गेली, जाळी उचलली नि कळी आत टाकली.

"घ्या! एवढ्यासाठीच आला होतात ना? आता तुमचंच. खा पोटभर!"

आणि मग तिथंच बसून तिनं तोंडावर पदर घेतला.

कथेला उरलेल्या दिवसांत दुसरी कळी आली नाही. फाय म्हणाली, "मे, विकतचं घेऊ. बुद्ध काय पावती मागतात?" लामदुआनसुद्धा मऊ झाली होती. ती म्हणाली, "मी आणते. पहाटेच्या बाजारातनं ताजी जुडी आणते नि तुझ्या रांजणात खोचते. कुणाला कळायचंय?"

"मला कळेल," सा-इंग म्हणाली. "आणि ज्याला बोलले त्याला."

ती लुआंगपोंकडे गेली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "जे आहे ते घेऊन ये," ते म्हणाले. "खोटं फूल आणू नकोस, एवढंच." ऐकायला बरं होतं, पण नवसाचं काय, ते त्यांनी सांगितलं नाही. सा-इंगला रात्रीची झोप उरली नाही. फायनं कूस बदलली तरी ती उठून बसायची, फायला जरा उचकी लागली तरी तिच्या तोंडचं पाणी पळायचं.

कथेच्या दिवशी लामदुआननं आपली तीनचाकी गाडी आणली. दोघींनी रांजणातलं निम्मं पाणी उपसलं नि तो गाडीवर चढवला. वाटभर लामदुआन बडबडत होती, "नवस हिचा, कंबर माझी मोडतेय." सभामंडप उसानं आणि केळीच्या खुंटांनी रानासारखा सजला होता. धर्मासनापुढं पाण्याचे कुंड मांडले होते. त्यांतली बरीच कमळं प्लॅस्टिकची होती. त्यांच्या शेजारी सा-इंगचा रांजण उतरवला. उभी पानं चार, पडलेली पाच-सहा, आणि सगळ्यांची चाळण. बाया एकमेकींना खुणेनं ती पानं दाखवू लागल्या. सा-इंगला वाटलं, जमीन दुभंगली तर बरं.

लेकरांचा अध्याय गायला आंगथोंगहून एक भिक्खू यायचे. लुआंगपोंहून तरुण, म्हणून त्यांना लुआंगपी म्हणत; देहानं गोल, गालात सदा खडीसाखर, पण आवाज असा की ऐकताना खांबांनाही पाझर फुटावा. ते आसनाकडं जाताना रांजणापाशी थबकले.

"हे खरं कमळ कुणाचं?"

सा-इंग अंतर राखून गुडघ्यावर बसली, हात जोडले. "माझं, लुआंगपी. बीपासून लावलं. फूल वाहायचा नवस होता. फूल... नाही राहिलं."

"आणि पानांना काय झालं?"

मग तिनं सांगितलं. पायरीचं शेवाळ, वाढदिवस, पिशवी, गुलाबी अंडी. भिक्खूंची खडीसाखर गालातच थांबली.

"गोगलगाई मारल्यास?"

"नाही. लेकराच्या नावानं सोडलेल्या होत्या. पातेल्यात आहेत. पपई खातात."

"चांगली पपई," मागून लामदुआन म्हणाली. "मला कधी दिली नाही तसली."

"आणि कळी? ती पडली तिचं काय केलंस?"

सा-इंगनं मान खाली घातली. "त्यांनाच टाकली. माझ्या हातानं. पण भक्तीनं नाही, लुआंगपी. रागानं. खा म्हटलं मेल्यांनो."

भिक्खूंचं पोट हलायला लागलं. हसू दाबत ते धर्मासनावर चढले.

अध्याय सुरू झाला. म्हातारा भिक्षेकरी आला, लेकरं घाबरली, उलट पावलांनी तळ्यात उतरली, म्हणजे ठसे बाहेर आल्यासारखे दिसावेत. मंडपात पंखे हलायचे थांबले. बाप काठावर उभा राहून हाका मारतोय, पाणी हलत नाहीये. इथं गाणाऱ्यानं आपल्या पदरचं काही जोडायचं, गावातलं, समोरच्या माणसांतलं, अशी पद्धत आहे. भिक्खूंनी आवाज खाली आणला, रांजणाकडं पाहिलं आणि गाऊ लागले:

नवसाचं फूल । उगवलं दारी ।
भुकेल्यांनी आधी । मागितलं ॥
मागणाऱ्या तोंडा । नाही न म्हणता ।
दिलं लेकराच्या । नावानं ते ॥
राहिलं ते पान । जाळीजाळी झालं ।
त्याच्याखाली बाळ । सुखी राहे ॥

मग गाणं सोडून साध्या बोलीत ते म्हणाले, "राजपुत्रानं लेकरं दिली तेव्हा तो काय हसत होता? त्याचंही काळीज जळत होतं. या बाईनं फूल दिलं तेव्हा ती चिडली होती. चिडून का होईना, हात पुढं झाला. मागणाऱ्याच्या तोंडात पडलं ते दान मूर्तीपुढं पडलेल्याहून कमी कोण म्हणेल?" आणि ते लुआंगपोंकडं वळले. "लुआंगपो, तुमच्या विहारातला नवस आहे. फिटला का?"

लुआंगपो भिंतीशी टेकून डोळे मिटून बसले होते. सगळ्यांना वाटलं, त्यांना डुलकी लागली. त्यांनी डोळे न उघडताच सांगितलं, "त्याच दिवशी फिटला, जेव्हा तिनं ती जाळी उचलली. मी वाट बघत होतो, हिला कधी कळतंय."

"साधू!" कुणीतरी म्हणालं, आणि सबंध मंडप म्हणाला, "साधू! साधू!"

"म्हणजे माझ्या पाणपालकाला तोंड लागलं असतं तर तेही दानच धरलं असतं वाटतं," लामदुआन पुटपुटली, पण तिनंही हात जोडलेले होते नि नाक ओढत होती.

सा-इंगला आधी काही समजलंच नाही. मग तिला जाणवलं की खांदे खाली आलेत. कित्येक आठवडे ते कानांपाशी चढून बसले होते, हेही तिला तेव्हाच कळलं. तिचा जीव भांड्यात पडला. शेजारी बसलेल्या फायनं तिचा हात ओढून आपल्या पोटावर ठेवला. आत कुणीतरी सणसणीत लाथ मारली.

"बघ, मे. गाणं थांबलं म्हणून रागावलंय."

"आजीवर गेलंय," सा-इंग म्हणाली. दोघी हसत सुटल्या. हसता हसता सा-इंगचे डोळे वाहू लागले, पण हे पाणी वेगळं होतं. ते आलं, वाहिलं नि संपलं.

पुढचा अध्याय आईचा. ती रानातून कंदमुळं घेऊन परतते, लेकरं घरात नाहीत, झाडाझाडाला विचारत फिरते. सगळ्या तेरांत सा-इंगचा लाडका. त्यासाठी ती दर वर्षी खांबाशेजारची जागा धरून ठेवायची. दुसरे भिक्खू आसनावर बसले, घंटी वाजली, पहिला सूर लागला.

सा-इंगनं खांबाला पाठ टेकली. सूर तिच्या कानावरून पाण्यासारखा गेला, आणि तिचं डोकं हळूच लेकीच्या खांद्यावर कलंडलं.

मंडप रडत होता. लामदुआन हुंदके देत होती. सा-इंग तोंड किंचित उघडं टाकून घोरत होती.

लामदुआननं डोळे पुसत कोपरानं ढोसायला हात उचलला. "अगं हिचा आवडता अध्याय! उठव हिला. नंतर मलाच बोल लावेल."

फायनं तिचा हात मध्येच धरला.

"राहू दे, पा," ती लामदुआनमावशीला हळूच म्हणाली. "पुढच्या वर्षी ऐकेल. तेव्हा आम्ही तिघं असू."